माळावरचं टक्कल

बाळांनो,

मागच्या महिन्यात व्हिडिओ कॉलवर तुमच्या बाबाने तुम्हाला सांगितलं की आजीच्या हातून कधी चूक होत नाही. थोरलीची गणिताची वही हरवली होती आणि तो तिला माझं उदाहरण देत होता. "आजीच्या प्रत्येक डब्यावर लेबल आहे, लेबलावर तारीख आहे. चाळीस वर्षांपूर्वीच्या विजेच्या बिलाची फाइल तिला डोळे मिटून सापडेल." फाइलचं खरं आहे. मी नुसती हसले. 

तुम्ही मेलबर्नला. मला आता एवढा प्रवास होणार नाही, हे आपण सगळेच जाणतो, कुणी बोलत नाही एवढंच. मी गेल्यावर तुमच्याकडे माझी आठवण म्हणून काही राहीलच, आणि त्यात ते वाक्य राहू नये असं मला वाटतं. म्हणून लिहायला बसले. मराठी जड जाईल, तर आईकडून वाचून घ्या. सावकाश वाचलंत तरी चालेल. मीही सावकाशच लिहिते आहे, एक पान झालं की मनगट धरतं.

मी मातीचं काम करत असे, एवढं तुम्हाला माहीत आहे. पुण्यात शेतकीची पदवी घेतली, मग मातीत एम.एस्सी. केली. लग्न झालं आणि तुमच्या आजोबांच्या हॉस्पिटलच्या नोकरीमागोमाग या गावात आले. इंग्लंडच्या पूर्वेला, सफोक आणि नॉरफोक मिळतात तिथे. दोन वर्षांनी मला जमिनीच्या पाहणीच्या कामात मदतनीस म्हणून अर्धवेळ नोकरी मिळाली. काम असं की, नकाशावर ठरवलेल्या जागी कमरेइतका खोल खड्डा खणायचा, त्याची एक भिंत सुरीने साफ तासायची आणि वरून खालपर्यंत जे थर दिसतील त्यांचं वर्णन कार्डावर लिहायचं. रंग, जाडी, ओल, मुळं, दगड. मग खड्डा बुजवायचा आणि पुढच्या जागी जायचं.

या देशात पाऊस फार, असं सगळे म्हणतात. आमच्या माळावर मात्र ढग यायचे, बघायचे आणि पुढे जायचे. उन्हाळाही थंडच. पहिल्या वर्षी मी मागच्या अंगणात मेथी पेरली, ती जूनमध्ये रात्री गोठलेल्या दहिवराने एका सकाळी काळी झाली. तुमचे आजोबा म्हणाले, "चला, निदान पाणी घालायचे कष्ट वाचले." माळावर तर झाडंही फार नाहीत. बुटकं गवत, हेदरची झुडपं, मेंढ्या, ससे. वारा सुटला की वाळू उडते आणि दाताखाली येते.

वरून बघितलं तर या जमिनीत काहीच नाही. खणलं की कळतं. सगळ्यात वर चार बोटं काळा थर, मुळांनी विणलेला, चटईसारखा. त्याखाली वीतभर राखाडी वाळू, चुलीतल्या राखेच्या रंगाची. तिच्यात पिकाला लागतं असं काही नाही, पावसाने हजारो वर्षांत सगळं धुऊन खाली नेलेलं. धुतलेलं जिथे साठलं तो तिसरा थर. वरच्या कडेला कॉफीच्या चोथ्यासारखा, खाली गंजाच्या रंगाचा, आणि इतका घट्ट की कुदळ खणकन वाजते. त्याखाली गारगोट्या घातलेली पिवळी वाळू. आणखी खाली कुठे कुठे पांढरा खडू लागतो, फळ्यावर लिहितात तसलाच. एका जागी तो गुडघ्यावर, दहा पावलांवर माणसाच्या उंचीइतका खोल. म्हणून माळावर गवताचे आणि हेदरचे पट्टे दिसतात, लुगड्यावर असावेत तसे. पण मेंढ्या, ससे, सगळं जगतं ते वरच्या चार बोटांवर. थोडा पाऊस पडतो तो तिथेच धरून ठेवला जातो, थोडं अन्न आहे तेही तिथेच.

मी ज्या मातीत शिकले ती अशी नव्हती. सोलापूरकडच्या शेतांत एम.एस्सी.ची दोन वर्षं गेली. तिथली काळी माती उन्हाळ्यात तडकते, भेगेत हात घातला तर कोपरापर्यंत जातो. वरची माती त्या भेगांतून खाली पडते, आणि पाऊस आला की खालची फुगून वर येते. शेतकरी म्हणायचे, ही जमीन आपली आपण उलटते, तिला नांगर कशाला. पुरुषभर खणलं तरी वरपासून खालपर्यंत एकच काळा रंग. आम्ही तिथे खड्डे खणायचो आणि जमेल तसे बुजवायचो. दोन पावसाळे गेले की खड्डा कुठे होता ते आमचं आम्हालाच सापडायचं नाही. या अनुभवाने माझ्या हाताला एक सवय लागली होती. मला ती सवय आहे हे तेव्हा ठाऊक नव्हतं.

इथल्या कामाची रीत वेगळी होती. खणण्याआधी चार ताडपत्र्या अंथरायच्या. गवताच्या लाद्या कापून काढायच्या आणि सावलीत एकीशेजारी एक मांडायच्या. मग प्रत्येक थर आपापल्या ताडपत्रीवर. बुजवताना उलट क्रम. पिवळी वाळू आधी, मग गंजाची, मग राखाडी, मग काळी, प्रत्येक थर पायाने दाबायचा. शेवटी लाद्या. कार्डाच्या तळाशी एक ओळ लिहायची, "थर क्रमाने परत भरले. गवताच्या लाद्या वर बसवल्या." आणि खाली सही.

ज्या माळाबद्दल मी सांगते आहे तो एका मेंढपाळाकडे होता. तांबडे मोठे कान, दोन कुत्रे, आणि बोलताना समोरच्याकडे न बघता मेंढ्यांकडे बघायची सवय. आसपासच्या दोघा-तिघांनी आम्हाला खणू द्यायला नकार दिला होता. हा म्हणाला, "तुमचा नवरा माणसांच्या आत बघतो, तुम्ही जमिनीच्या आत बघता, मिसेस डॉक्टर. तुमच्या घरात कुणाचं काही लपून राहत नसेल." मग कुत्र्यांना हाक मारली आणि मेंढ्यांकडे बघत म्हणाला, "खणा. पण जसं होतं तसं ठेवून जायचं." एवढी एकच अट. मी हो म्हटलं.

आठ खड्डे नीट झाले. नववा एप्रिलमध्ये, वाऱ्याच्या दिवशी. माझे वरिष्ठ दुसऱ्या गावी गेले होते, मी एकटीच होते. तुमचा बाबा तेव्हा तीन वर्षांचा. त्याला सांभाळणाऱ्या बाई साडेचारनंतर एक मिनिट थांबत नसत, आणि तुमचे आजोबा आदल्या दिवसापासून ड्यूटीवर. माझं वर्णन लिहून झालं, बुजवायला उठले आणि वाऱ्याने एक ताडपत्री उचलली. ती दुसरीवर आपटली, टराटरा फाटली, आणि राखाडी, काळी, गंजाची, सगळी माती एकमेकींत गेली. लाद्यांची सावली सरकून गेलेली, त्या वाळून त्यांच्या कडा पापडासारख्या वर आलेल्या.

काळी माती वेगळी काढता आली असती. तासाभराचं काम होतं. मी घड्याळ बघितलं. त्या ढिगाकडे बघितलं. आणि मोठ्याने म्हणाले, "माती ती माती." मराठीत म्हणाले, ऐकायला कुणी नव्हतं. मग सगळं फावड्याने आत लोटलं, वर वाळलेल्या लाद्या ठेवल्या आणि पायाने दाबल्या. गाडीत बसून कार्ड पुरं केलं. तळाशी नेहमीची ओळ लिहिली आणि सही केली. हात थबकला नाही, हे मला आजही आठवतं. वाटेत मेंढपाळ भेटला. त्याला म्हटलं, "तिथे वर्षभर मेंढ्या येऊ देऊ नका." त्याने त्या दाराएवढ्या तुकड्याला काठ्या आणि जाळी लावून कुंपण केलं.

लाद्या महिन्याभरात वाळून उडून गेल्या. खाली उरली राखाडी वाळू आणि गंजाची ढेकळं. गवताला धरायला तिथे काही नव्हतं. जे धरायचं ते मीच वीत दीड वीत खाली गाडलं होतं.

त्या वर्षीच्या ख्रिसमसला मेंढपाळाचं कार्ड आलं. आत एकच ओळ, "टक्कल अजून तसंच, मिसेस डॉक्टर." तुमच्या आजोबांचे केस तेव्हा नुकतेच जायला लागले होते. ते म्हणाले, "माझी चौकशी त्याला कशाला?" आम्ही खूप हसलो. मी उलट कार्ड पाठवलं, "धीर धरा." पुढच्या वर्षी पुन्हा, "टक्कल तसंच." मग तो आमचा दर वर्षीचा विनोदच झाला. मी ती सगळी कार्डं वर्षवार लावून ठेवली आहेत.

चौथ्या की पाचव्या वर्षीच्या कार्डात मात्र दोन ओळी होत्या. "पहिल्या उन्हाळ्यात कुंपण पडलं होतं. मेंढ्या दोन दिवस आत होत्या. माझ्यामुळेच असणार." मी ते वाचलं आणि बाजूला ठेवलं. दोन दिवसांनी उत्तर लिहिलं, "मनाला लावून घेऊ नका." खरं लिहायलाही एवढीच जागा लागली असती. मला तोवर सगळं कळलेलं होतं. या मातीत थर म्हणजे काय, ते कसे होतात, किती काळ लागतो, हे मी तोवर दुसऱ्यांना शिकवत होते. पण दोनेकशे कार्डांवर माझी सही होती. एका कार्डावरची ओळ खोटी म्हटली की बाकीच्यांचं काय, असं मी स्वतःला सांगत राहिले. आणि मग सांगायचंही थांबले. माणूस दमतो, तसं काही गोष्टींचं वाटणंही दमून जातं.

तो मेंढपाळ वारला, त्यालाही बरीच वर्षं झाली. कार्डं थांबली. कळप त्याच्या मुलीने घेतला.

या वर्षी मार्चमध्ये मला एका संशोधकाचं ई-मेल आलं. पन्नाशीचे गृहस्थ. आमच्या जुन्या पाहणीची कार्डं त्यांनी स्कॅन केली होती आणि सहीवरून मला शोधलं होतं. ते घरी आले. मी चहा आणि चिवडा ठेवला. चिवड्याच्या डब्यावरची तारीख बघून ते म्हणाले, "हो, ही कार्डं तुमचीच."

मग त्यांनी कामाचं सांगितलं. माळावरचं जुनं तळं आता मे महिना लागायच्या आत आटतं. मेंढपाळाची मुलगी ट्रॅक्टरवर टाकी लादून दिवसातून दोनदा पाणी नेते. ती पंचावन्नची झाली, तिच्या पाठीचं ऑपरेशन झालंय. तिला माळातून पाण्याची पाइपलाइन न्यायची आहे. पण माळ संरक्षित आहे, चर खणायला परवानगी लागते, आणि ती द्यावी की नाही याचा अहवाल यांना द्यायचा होता. "पाइप मिळाला नाही तर ती कळप विकणार," ते म्हणाले. "आणि मेंढ्या गेल्या की माळाचं जंगल होईल. दोन्हीकडून नुकसानच."

"मग अडतंय कुठे?" मी विचारलं.

"तुमच्या खड्ड्याशी," ते म्हणाले. त्यांनी फाइलमधून माझ्या कार्डाची प्रत काढली आणि तळाची ओळ मला वाचून दाखवली. "चर खणून थर क्रमाने परत भरले तर माळ भरून येतो का, हा प्रश्न आहे. क्रमाने भरल्याची लेखी नोंद असलेला खड्डा, आणि ज्याची जागा आज नक्की सापडते असा, इथे एकच आहे. बाकीचे आठ गवतात कुठे होते ते कळतही नाही. हा सापडला, कारण चाळीस वर्षांनंतरही तो उघडा आहे. म्हणजे क्रमाने भरूनही उपयोग नाही. मला नाही म्हणावं लागेल. वाईट वाटतं, पण नोंद इतकी स्वच्छ आहे..."

बाकीचे आठ कळत नाहीत, याचाच अर्थ ते भरून आले होते. मला ते तिथल्या तिथे समजलं. मी किटली उचलली आणि त्यांना आणखी चहा ओतला.

ते गेल्यावर तुमच्या आजोबांनी टीव्हीचा आवाज कमी केला.

"अगं, बोलली का नाहीस?"

"काय बोलायचं होतं?"

"ते मला काय माहीत? पण त्यांच्या भरलेल्या कपात तू तीनदा चहा ओतलास. बशीत तळं झालं होतं."

मग मी त्यांना सांगितलं. चाळीस वर्षं एका घरात राहून हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि परत घातला.

"आमच्याकडे चुकीचं औषध गेलं तर चार्टवर लिहावं लागतं," ते म्हणाले. "तुझा पेशंट बिचारा चाळीस वर्षं तक्रार न करता पडून आहे."

"तक्रार करत होता की. दर ख्रिसमसला."

यावर ते हसले नाहीत. मीही नाही. मग म्हणाले, "उद्या गाडी काढू?"

"अहो, तुमचे गुडघे?"

"गुडघे मागच्या सीटवर बसतील. ऊठ, झोप आता."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही माळावर गेलो. आधी संशोधकांना फोन करायला हवा होता, हे मला ठाऊक होतं. पण अट घातली होती ती मेंढपाळाने, आणि आता त्याची मुलगीच होती. ती टाकीची तोटी सोडून मेंढ्यांची डोण भरत उभी होती. कान बापाचेच. मी ओळख सांगितली. ती म्हणाली, "टकलाच्या बाई ना? आमच्याकडे तुमचं कार्ड फळीवर असायचं, फेब्रुवारीपर्यंत."

मी उभ्या उभ्या सांगून टाकलं. वारा, ताडपत्री, साडेचार, "माती ती माती", खोटी ओळ. डोण भरत होती, पाण्याचा आवाज होता, मला थोडं मोठ्याने बोलावं लागत होतं.

मग ती म्हणाली, "डॅड तिथे पाणी घालायचे. मे महिन्यात, बादलीने. मेंढ्यांना पुरत नसे तेव्हासुद्धा एक बादली तिथे. आम्ही हसायचो. शेण आणून घालायचे, बी पेरायचे. त्यांना वाटायचं कुंपण आपण नीट लावलं नाही म्हणून हे झालं."

"मला त्यांनी कुंपणाचं लिहिलं होतं," मी म्हटलं.

"मग? तुम्हाला तेव्हा माहीत होतं?"

"हो."

"आणि तुम्ही काय लिहिलंत?"

"मनाला लावून घेऊ नका, असं."

तिने तोटी बंद केली. हात पँटला पुसले. "हे मला सांगून काय उपयोग? त्या अहवालवाल्याला सांगा. आजच सांगा." ती ट्रॅक्टरवर चढली आणि मागे न बघता गेली. पाठ धरून चढावं लागतं तिला, हे मी बघितलं.

गाडीत बसल्यावर आजोबांनी इंजिन सुरू केलं नाही. फोन माझ्या हातात दिला.

संशोधकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "बाकीच्या कार्डांचं काय?"

"बाकीची खरी आहेत."

"हेही खरंच दिसत होतं," ते म्हणाले.

ते रागाने म्हणाले नाहीत. काम करणाऱ्या माणसाला हे म्हणावंच लागतं. मीही म्हटलं असतं. त्यांनी माझ्या नोंदी पडताळेपर्यंत बाजूला ठेवल्या, सगळ्या. मला ते पत्राने कळवलं, आणि ते पत्रही मी फाइलला लावलं. त्या फाइलवर काय लेबल लावावं हे मला अजून सुचलेलं नाही.

माझ्या नुसत्या शब्दावर अहवाल बदलता येत नव्हता. म्हणून मे महिन्यात त्यांनी त्या तुकड्याच्या कडेला खणलं, अर्धं माझ्या जुन्या खड्ड्यात, अर्धं बाहेर. मला घडीची खुर्ची दिली. माझ्याच्याने आता खड्ड्यात उतरवत नाही. भिंत तासून झाली आणि मी बघितलं. डाव्या हाताला काळा, राखाडी, गंजाचा, पिवळा, रेघा मारल्यासारखे थर. मग एक उभी सरळ रेघ, दाराच्या चौकटीसारखी. तिच्या पलीकडे सगळं कालवलेलं, शिळ्या भातात आमटी कालवावी तसं. चाळीस वर्षांत त्यातलं काहीही आपल्या जागी गेलेलं नव्हतं. सोलापूरच्या मातीने हे कधीच मिटवून टाकलं असतं. या मातीने मी जसं ठेवलं तसं ठेवलं.

ढवळलेल्या भागात निळ्या ताडपत्रीची एक चिंधी निघाली. संशोधकांनी ती पिशवीत घातली, पिशवीवर तारीख लिहिली आणि मला पेन दिलं. मूळ कार्ड त्यांनी आणलं होतं. मी जुन्या ओळीखाली लिहिलं, "वरची ओळ खरी नाही. थर मिसळले होते, मिसळलेलेच भरले." सही केली. या वेळी मात्र हात थबकला. अक्षर वाकडं आलं आहे.

तुम्हाला वाटेल की मग सगळं नीट झालं. तसं झालं नाही. कागद या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिले. जुलैत पाऊस नव्हता आणि मेंढपाळाच्या मुलीने निम्मा कळप विकला. मला हे दूध टाकणाऱ्याकडून कळलं. मेंढपाळाच्या त्या कुंपणाच्या कार्डालाच मी खरं उत्तर लिहिलं असतं तर निम्मा कळप वाचला असता, की नसता वाचला, हे मी पुष्कळ वेळा मांडून बघितलं आहे. नक्की उत्तर येत नाही.

परवानगी सप्टेंबरमध्ये आली. अट अशी, की चर अरुंद खणायचा, प्रत्येक थर वेगळ्या ताडपत्रीवर ठेवायचा, क्रमाने भरायचा. ऑक्टोबरमध्ये काम झालं. मला कुणी बोलावलं नव्हतं. आजोबांनी गाडी काढली, खुर्ची डिकीत ठेवली, आणि आम्ही जाऊन कडेला बसलो. दोन दिवस. थंडी होती. खणणारी माणसं चांगली होती, पण दुपारी कंटाळली की हात ढिला पडतो, हे मला दुरून दिसतं. एकदा राखाडीचं फावडं काळ्या ढिगावर पडलं आणि मी खुर्चीतून ओरडले. आजोबा म्हणाले, "अगं, त्यांना मराठी कळत नाही." मी मराठीत ओरडले होते, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. पण कळलं त्यांना. त्या माणसाने ते फावडं उचलून परत जागेवर टाकलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुलगी थर्मास घेऊन आली. आम्हाला दोघांना चहा दिला. बसली नाही. ढिगांकडे बघत म्हणाली, "शेवटी कुठला जातो? हा काळा?"

"काळा. आणि त्यावर लाद्या. लाद्या सावलीत हव्यात, आता ऊन तिकडून येतंय."

तिने हातमोजे घातले आणि लाद्या एकेक करून झुडपाच्या सावलीत सरकवल्या. वाकताना तिला त्रास होत होता. मी उठू शकले असते तर उठले असते. मग चहाचे कप गोळा करून ती ट्रॅक्टरकडे गेली. तिने मला माफ केलं की नाही, मला माहीत नाही, आणि मी विचारणारही नाही. ज्याची माफी मागायची तो माणूस बादली घेऊन गेला.

चरावरचं गवत धरेल की नाही हे दोन-चार वर्षांनी कळेल. तेव्हा मी असेन-नसेन. तुम्ही कधी इकडे आलात तर बाबाला घेऊन माळावर जा. गेटपासून जुन्या तळ्याकडे चाला, डाव्या हाताला टक्कल दिसेल. दाराएवढं आहे. चुकणार नाही.

आज सकाळी मेंढपाळाच्या मुलीचा फोन आला, पहिल्यांदाच, डोणीत पाणी नीट येतंय एवढं सांगायला. माळ आहे. निम्म्या मेंढ्या आहेत. टकलाबाहेर चारही थर आपल्या जागी आहेत. टक्कल आहे. आणि कार्ड आहे, त्यावर दोन ओळी आहेत, दोन्ही माझ्या अक्षरात.